एकच प्याला: सुधाकर दारूने बुडतो की दुसऱ्याच कशाने?

खाडीपलीकडची (कोपरखैरणे)

नमस्कार मंडळी, थोडी मदत हवीये. मी नोकरी सांभाळून बहिःस्थ एम.ए. करतेय, मराठी घेऊन, आणि शोकात्मिकेच्या पेपरला राम गणेश गडकऱ्यांचं एकच प्याला हे नाटक आहे. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून पुस्तक आणलं आणि गेले दहा दिवस रोज सकाळी ट्रान्सहार्बर लोकलमध्ये वाचतेय, घणसोली ते ऐरोली एवढ्यात एखादा छोटा प्रवेश होतो, बाकी ठाण्याला उतरेपर्यंत. गाडीत वाचायचं नाटक नाहीये हे दुसऱ्या दिवशीच कळलं, डोळ्यात पाणी आलं आणि समोरच्या बाई विचारायला लागल्या की बरं नाही का वाटत.

तर अडचण अशी. बाजारात जे गाइड मिळतं त्यात सगळं एका ओळीत आहे. विषय काय तर मद्यपानाचे दुष्परिणाम. सुधाकर हुशार पण व्यसनी, त्याची बायको सिंधू आदर्श पतिव्रता, तळीराम खलपुरुष, रामलाल सज्जन मित्र. संपलं. हे लिहिलं तर मार्क मिळतीलही पण मला ते पटत नाहीये. कारण विषय फक्त दारू असता तर कुठलाही माणूस हिरो म्हणून चालला असता ना, मग गडकऱ्यांनी असा वकील का घेतला जो गरिबीतून एकट्याच्या जिवावर वर आलाय, ज्याला कोणाचा एक शब्द सहन होत नाही?

दुसरं म्हणजे सिंधू. खरं सांगते, मला तिचा राग आला. भाऊ पद्माकर न्यायला येतो, पैसा आहे, माहेर भरलेलं आहे, आणि ही लोकांची दळणं दळते पण हलत नाही. माझी आजी हे नाटक आठवून रडायची आणि मी चिडते, म्हणजे माझं वाचण्यात काही चुकतंय का?

आणि तिसरं, तळीरामाच्या प्रवेशांना मला हसू येतं. खूप येतं. आर्य मदिरा मंडळाचं, म्हणजे त्याच्या पिणाऱ्या टोळक्याचं, ते सगळं वाचताना मी हसत होते आणि नंतर अपराधी वाटत राहिलं. शोकात्मिकेत एवढा विनोद कशाला? ज्यांनी प्रयोग बघितलाय किंवा यावर विचार केलाय त्यांनी सांगा प्लीज, पंधरा दिवसांत लिहून द्यायचंय.

जुनी खुर्ची (नौपाडा)

ताई, तुमचं वाचण्यात काही चुकत नाहीये, गाइड बाजूला ठेवा. मी साठ वर्षं नाटकं बघतोय, तेवढ्या अधिकाराने सांगतो.

कोर्टात काय होतं तिथून सुरुवात करा. मुन्सफाशी, म्हणजे न्यायाधीशाशी, खटका उडतो, सुधाकर उलट बोलतो, वकिलीची सनद काही काळासाठी जाते. आता हे असं वकिलीत होतं, थोडे दिवस गप्प बसायचं, परत उभं राहायचं. पण सुधाकरला ते जमत नाही कारण त्याच्याकडे नाव सोडून दुसरं काहीच नाहीये. आईबाप नाहीत, वाडवडिलांचं काही नाही, जे आहे ते स्वतःच्या डोक्यावर कमावलेलं, आणि तेच चारचौघांत पायदळी गेलं. बाकीचे वकील हसले हे त्याला सनद जाण्यापेक्षा जास्त लागतं. म्हणजे घर आधी आतून पेटलेलंय, दारू नंतर येते. ॲरिस्टॉटलचा हॅमार्शिया, शोकनायकाची चूक, हा शब्द तुमच्या अभ्यासात असेलच, तो मुळात नेम चुकणं या अर्थाच्या क्रियापदावरून आलाय. धड दुष्ट नाही, धड देवमाणूस नाही, असा मोठा माणूस आणि त्याचा नेम चुकतो. सुधाकरचा नेम दारूत चुकत नाही, तो अपमान मोजण्यात चुकतो. मुन्सफाचे चार शब्द त्याने आयुष्याएवढे मोठे धरले.

आता तळीराम. त्याला खलपुरुष म्हणू नका, तिथे सगळं नाटक हातातून निसटतं. तो सुधाकरचा कारकून आहे. एरवी मालकासमोर उभा राहणारा माणूस, आणि मालक दुःखात आहे हे बघून तो त्याच्याकडे असलेली एकच वस्तू पुढे करतो. एकच घ्या म्हणतो, औषध द्यावं तसं. त्या क्षणी त्याला सुधाकरचं वाईट करायचंय असं मला कधीच वाटलं नाही, त्याला सोबत हवीये. दारूड्याला एकट्याने पिणं जड जातं, आपल्यापेक्षा मोठा माणूस शेजारी येऊन बसला की आपलं पिणं पण मोठं वाटायला लागतं. असा तळीराम आपल्या ओळखीत एक तरी असतोच आणि तो बहुतेक वेळा गोड माणूस असतो.

हसण्याबद्दल. ठाण्याच्या गडकरी रंगायतन नाट्यगृहाला एका हौशी संस्थेचा प्रयोग बघितला होता बऱ्याच वर्षांपूर्वी, बाल्कनीत होतो. मंडळाच्या प्रवेशाला सगळं थिएटर खाली-वर होत होतं. माझ्या शेजारी एक गृहस्थ मांडीवर थापा मारून हसत होते. पुढे तळीराम मरायला टेकतो, डॉक्टर आणि वैद्य त्याच्या उशाशी एकमेकांशी भांडतायत, तेव्हाही पहिली दोन मिनिटं हशा होता, मग तो कमी कमी होत गेला आणि एका ठिकाणी अख्ख्या बाल्कनीत फक्त पंख्यांचा आवाज. ते गृहस्थ हात तसाच मांडीवर ठेवून बसले होते. हाच गडकऱ्यांचा डाव आहे. आधी तुम्हाला तळीरामाच्या बैठकीत बसवतात, तुम्हाला तिथे मजा येते, आणि मजा आली म्हणजे सुधाकर तिथे का गेला हे तुम्हाला कोणी समजावून सांगावं लागत नाही. तुम्ही पण गेलेला असता. म्हणून अपराधी वाटलं ना तुम्हाला, ते लिहा पेपरात.

एक गोष्ट सांगायची राहिली. गडकऱ्यांनी हे नाटक रंगभूमीवर बघितलंच नाही. २३ जानेवारी १९१९ ला ते सावनेरला वारले, वय फक्त ३३, आणि पहिला प्रयोग गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला केला २० फेब्रुवारी १९१९ ला, म्हणजे महिनाही झाला नव्हता. गणपतराव बोडस सुधाकर, बालगंधर्व सिंधू. पदं सुद्धा गडकऱ्यांची नाहीत, ती वि. सी. गुर्जरांनी केली. तलावपाळीला रंगायतनवर त्यांचं नाव वाचतो तेव्हा दर वेळी मला हेच आठवतं, ज्या हशाची आणि ज्या शांततेची त्यांनी एवढी मांडणी केली ती त्यांच्या कानावर आलीच नाही.

ऐरोलीचा भाऊ

मी साहित्याचा विद्यार्थी नाही, आयटीआय केलंय, पण हा धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

माझा मोठा भाऊ नऊ वर्षं झाली दारू सोडून. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या (ए.ए., दारू सोडणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट) मीटिंगला जातो, अजूनही, एकही आठवडा चुकवत नाही. नाटकात सुधाकर रामलालला सांगतो बघा, दारूच्या पहिल्या अवस्थेत काय होतं, मग दुसरी, मग तिसरी, आणि शेवटी म्हणतो की यातून सुटायची वेळ एकच, पहिला प्याला घ्यायच्या आधीची, ते पान मी दादाला वाचून दाखवलं होतं. तो चहा पीत होता. कप खाली ठेवला आणि परत वाच म्हणाला. दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाला हे लिहिणाऱ्याला कसं कळलं रे, आम्ही मीटिंगमध्ये हेच बोलतो की दहावा पेग माणसाला पाडत नाही, पहिला पाडतो. ए.ए. अमेरिकेत सुरू झालं १९३५ मध्ये आणि हे नाटक १९१९ चं, म्हणजे सोळा वर्षं आधी आपल्या मराठीत एक माणूस हे लिहून गेलाय.

पण दादा एका गोष्टीवर अडला, आणि तीच मला सांगायचीये. तो म्हणाला सुधाकर चुकीचं बोलतोय. सुटायची वेळ पहिल्या प्याल्याआधीचीच असती तर मी आज तुझ्यासमोर चहा पीत बसलो नसतो. सुधाकर ते स्वतःला सोडवायला बोलत नाहीये, स्वतःला पटवायला बोलतोय की आता काही होणार नाही. पिणारा माणूस फार सुंदर बोलतो अशा वेळी, मी पण बोलायचो. हे दादाचे शब्द आहेत.

आणि पुरावा नाटकातच आहे ना! भगीरथ. तो पण मंडळात येतो, प्रेमात निराश होऊन प्यायला लागतो, आणि तो सुटतो. एकच माणूस सुटतो पण सुटतो. मग भगीरथ का सुटला आणि सुधाकर का नाही, याचं उत्तर मिळालं की ताई तुमचा निम्मा पेपर झाला असं मला वाटतं. माझ्या मते भगीरथ रामलालचा हात धरतो. सरळ धरतो. सुधाकरला हात धरणं म्हणजे परत एकदा कोर्टात मान खाली घालून उभं राहणं वाटतं.

मधे सुधाकर खरंच सोडतो काही दिवस, आठवतंय का, आणि काम शोधायला बाहेर पडतो आणि जो तो त्याला टोमणे मारून परत पाठवतो आणि तो जो परत पितो तो मरेपर्यंत. तो भाग मला वाचवत नाही. दादाने सोडल्यावर तिसऱ्या महिन्यात तो जुन्या ओळखीच्या एका ठिकाणी कामासाठी गेला होता, मी बाईक घेऊन बाहेर थांबलो होतो. आतला माणूस त्याच्याशी बोलताना सारखा पुढे वाकत होता, मला आधी कळलंच नाही का वाकतोय. तोंडाचा वास घेत होता. दादाला कळलं होतं. बाहेर आला, काही बोलला नाही, मला म्हणाला घरी नको, मीटिंगला सोड. त्या दिवशी मीटिंग नसती तर काय झालं असतं मला माहीत नाही. सुधाकरकडे जायला असं ठिकाण नव्हतं, एक मंडळ होतं फक्त, तळीरामाचं. ही थीम पण लिहा, की समाज पिणाऱ्याला नावं ठेवतो आणि सोडणाऱ्याला पण ठेवतो.

तिसरी घंटा (ठाणे पश्चिम)

भाऊ, तुमच्या दादांना माझा नमस्कार सांगा. भगीरथाचा मुद्दा कुठल्या पुस्तकात असा वाचला नव्हता मी.

मी सिंधूबद्दल बोलते कारण मी ती केलीये, पूर्ण नाही, स्पर्धेसाठी तीन प्रवेश. तालमीच्या आधी मलाही तुझ्यासारखाच राग होता ग. दिग्दर्शकाने काय केलं, खरं जातं आणलं. माझ्या मामीच्या गावाहून, दोन माणसांनी उचलून. म्हणाले आधी दळ, मग बोल. ज्वारीचे दोन पसे दळले आणि खांद्यापासून मनगटापर्यंत हात थरथरायला लागला, खुंटा सुटला हातातून. मग ती जात्यावरची ओळ, चंद्र चवथिचा, गायला घेतली तर आवाज आपोआप जात्याच्या फेऱ्याबरोबर चालायला लागला, श्वास कुठे घ्यायचा ते जातंच सांगतं. तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की ही बाई रडत बसलेली नाहीये, ती काम करतेय. सगळ्या नाटकात रोज उठून काम करणारी ती एकटीच आहे. वकील बसलाय, कारकून पितोय, मित्र उपदेश करतोय, आणि घरात पीठ हिच्यामुळे आहे. तिला रडूबाई म्हणून उभी केली की नाटक पडतं, आणि पूर्वी बऱ्याच जणींनी तशीच केली असं मला वाटतं.

पण काका, एका ठिकाणी मी तुमच्यासारखी गडकऱ्यांची बाजू घेणार नाही. शेवट. सुधाकरच्या हातून मूल जातं, सिंधूला जीवघेणा मार बसतो, आणि ती पोलिसांसमोर सांगते की मी पडले. बघणाऱ्यांनी शंभर वर्षं याला त्याग म्हटलं. मला ते म्हणताना घशात अडकायचं. शेक्सपिअरच्या ऑथेल्लोत त्याची बायको डेस्डेमोना पण नवऱ्याच्या हातून मरताना हेच करते, कोणी मारलं विचारल्यावर म्हणते कोणी नाही, मीच. देवलांनी झुंजारराव लिहिलं त्यातून ऑथेल्लो आपल्याकडे आधीच आला होता, १८९० मध्येच. पण डेस्डेमोनाच्या खोटं बोलण्यावर तिथे लगेच तिची सोबतीण एमिलिया ओरडते, खरं काय ते सगळ्यांसमोर सांगते. सिंधूसाठी कोणी ओरडत नाही. गीता ओरडू शकली असती. तळीरामाची बायको गीता, फटकळ, नवऱ्याला तोंडावर सुनावणारी, तीच एक बाई आहे जी दारूड्याच्या घरात काय चालतं ते न लाजता बोलते. पण ती विनोदी पात्रात टाकलीये म्हणून तिचं खरं बोलणं हशात जातं. माझ्या मते एमिलियाचा आवाज गडकऱ्यांनी लिहिला होता, फक्त तो शेवटच्या प्रवेशाला तिथे ठेवला नाही.

त्यामुळे तुला राग येतो तो येऊ दे. तो नाटकाच्या विरुद्ध नाहीये. १९१९ मध्ये गावोगावच्या बायका रडल्या त्या सिंधू आदर्श आहे म्हणून नाही रडल्या, त्यांच्या ओळखीच्या घरात हे चालू होतं म्हणून रडल्या असतील. तुझी आजी पण. तू चिडतेस, ती रडायची, दोघींनी बघितलं एकच.

खाडीपलीकडची (कोपरखैरणे)

तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत, मी काल रात्री दोनदा वाचलं आणि आज गाडीत परत पुस्तक उघडलं. रबाळ्याला गाडी थांबली होती बराच वेळ, तेव्हा एक गोष्ट डोक्यात आली, ती चुकीची असेल तर सांगा.

भाऊंनी म्हटलं सुधाकरला हात धरता येत नाही. आणि तिसरी घंटा ताईंनी म्हटलं सिंधू रडत नाही, काम करते. पण सिंधू पण कोणाचा हात धरत नाहीये ना! भावाचे पैसे नकोत, रामलालचे नकोत, माझ्या कष्टाचं तेवढंच. तिला आपण पतिव्रता म्हणतो आणि त्याला व्यसनी म्हणतो, पण आत दोघांचं एकच आहे, कोणापुढे हात पसरायचा नाही. तो मानासाठी पितो आणि ती मानासाठी दळते. एकाच घरात दोन मानी माणसं आणि मधे ते बाळ, ज्याला मान वगैरे काही कळत नाही, त्याला फक्त भूक लागलीये. घास घे रे तान्ह्या बाळा हे पद मी लहानपणापासून रेडिओवर ऐकलंय, गोड अंगाई वाटायची. आता कळतंय की घासात द्यायला काय आहे हाच तिथे प्रश्न आहे. मला आज सकाळी ते पुढे वाचवेना, पुस्तक बंद करून खिडकीतून खाडी बघत बसले.

असं लिहिलं तर चालेल का, की नाटकाचा विषय मानीपणा, आणि दारू ही त्या मानीपणाला सापडलेली वाट? आणि रामलालचं काय करू, तो मला कुठेच बसवता येत नाहीये.

जुनी खुर्ची (नौपाडा)

चालेल काय, हेच लिहा. मी एवढी वर्षं हे नाटक बघतोय पण सिंधू आणि सुधाकर एका मातीचे आहेत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, मी त्यांना कायम एकमेकांच्या समोर उभं करून बघितलं. फक्त एक काळजी घ्या, सिंधूच्या मानीपणाला सुधाकरच्या मानीपणाएवढंच दोषी धरू नका. बाळाला कोणी मारलं हे तिसरी घंटांनी सांगितलंय, ते विसरून तोल साधायला जाऊ नका.

रामलाल तुमच्या मांडणीत बसतो, बघा. तो सगळ्यांना हात देणारा माणूस आहे, पण वरून देतो. उपदेश करत देतो. आणि गडकऱ्यांनी त्याला तसाच सोडला नाही. सुधाकरची बहीण शरद, बालविधवा, तिला तो शिकवतो, मुलीसारखी मानतो असं स्वतःलाच सांगतो, आणि मग त्याच्या लक्षात येतं की हे वात्सल्य नाहीये. ती स्वगतं बऱ्याच प्रयोगांत कापतात, लांबतात म्हणून, पण तुम्ही नीट वाचा. दुसऱ्याच्या व्यसनावर बोलणाऱ्याला स्वतःच्या मनात काय आहे ते दिसतं तेव्हा तो हादरतो. आणि मग काय करतो, तर मागे सरतो आणि शरदचा हात भगीरथाच्या हातात देतो. सुधाकरला जे जमलं नाही ते रामलालला जमतं, स्वतःला आपण लहान आहोत असं कबूल करणं. विधवाविवाहाचा मुद्दा गाइडमध्ये वेगळा लिहिलेला असेल, सामाजिक विषय म्हणून, तो या धाग्यात ओवा, वेगळा नका ठेवू.

आणि शेवट लिहिताना सुधाकरचा शेवटचा प्याला विसरू नका. विष तो दारूतच घालतो, दुसऱ्या कशात नाही. तळीरामाने पुढे केलेला पहिला प्याला त्याने दुसऱ्याच्या हातून घेतला होता, हा एकट्याने भरून घेतला.

ऐरोलीचा भाऊ

ताई, लिहून झालं की इथे टाका, पूर्ण टाका. दादाला वाचून दाखवायचंय. रविवारी तो घरी असतो.